फक्कीचा चौक

"परवाना दिला हातात... पण तिकडच्या रस्त्यावर दात का काढून ठेवलेत, ते कोण सांगणार?"

हे कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. पण वाशीच्या आरटीओबाहेरच्या झेरॉक्सच्या टपरीला माणसं अशी चिकटून उभी असतात, की शेजाऱ्याचं पुटपुटणं आपल्याच कानात येऊन पडतं. मनस्वीच्या कानात पडलं. तिने वळून पाहिलं. निळा शर्ट, कपाळावर आठी, एका हातात परदेशात गाडी चालवायचा नवा परवाना, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलवर कुठल्याशा परदेशी रस्त्याचा फोटो, आणि डांबरावर आडव्या ओळीत पांढरे त्रिकोण.

"मुशीचे आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"दात. मुशीच्या जबड्यात असेच असतात. आमच्या करावे गावात कुणीही सांगेल."

"अच्छा." आठी थोडी सैल झाली. "आणि मुशीने तोंड उघडलं, की गाडीने काय करायचं?"

मनस्वी वडिलांच्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये शिकवायची. धर्मराज पाटलांनी खाडीतली होडी विकून पहिली गाडी घेतली, तिच्यावर लाल 'एल' रंगवला, तेव्हापासून रस्त्यावरचं कुठलंही चिन्ह या घराला अवघड गेलं नव्हतं. आज गेलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. मग, का कोण जाणे, पुढे म्हणाली, "रविवारी या. सांगते."

त्याचं नाव हितेश. राहायला करंजाड्याला, नोकरी तुर्भ्याच्या पंपांच्या कंपनीत. पाणी उपसायचं शिकायला कंपनी त्याला तीन महिने हॉलंडला पाठवत होती. कुठल्या तरी आडगावातलं पंपघर, जवळपास बस नाही, म्हणून भाड्याची गाडी. गाडी मिळणार होती, रस्ताही होता. रस्त्यावर काय लिहिलंय, तेवढं वाचता येत नव्हतं.

मनस्वीने ते शोधून काढलं. त्रिकोणांची टोकं आपल्याकडे असली, तर थांबायचं आणि दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गंमत म्हणजे तिथली माणसंही त्यांना मुशीचे, म्हणजे शार्कचे, दातच म्हणतात. हे वाचून ती एकटीच इतकी खूश झाली, की आई म्हणाली, "कोणाचा मेसेज?"

रविवारी देवळामागच्या मैदानात तिने फक्की मारून रस्ता आखला. पोरं क्रिकेटची सीमारेषा आखतात ना, तीच पांढरी फक्की. हितेश गाडीत बसला, शेजारी मनस्वी, आणि मागच्या सीटवर शकुताई. शकुताई सीवूड्सच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, वय पन्नाशीचं, तिन्ही लेकरं मार्गी लावून आता गाडी शिकत होत्या. त्यांची पाळी हितेशनंतर.

"उजवीकडून," मनस्वी म्हणाली. "तिकडे सगळं उजवीकडून."

"माजी सवय बिगडवशील बाई," मागून आवाज आला.

"कडेची पिवळी रेघ सलग असेल, तर थांबायचंसुद्धा नाही. तुटक असेल तर थांबता येतं, पण गाडी लावून जायचं नाही."

"तुटक रेघेपाशी किती वेळ थांबता येतं?"

"गाडीतलं माणूस उतरेपर्यंत."

"आणि माणसाला उतरावंसंच वाटलं नाही तर?"

मनस्वीने समोर बघितलं. खाडीवरून सुकटीच्या वासाचा वारा आला. तिच्या बोटांना फक्की लागली होती, तीच गालालाही लागली. ते त्याने पाहिलं.

"शकुताई मागे बसल्यात," ती म्हणाली.

"बसू द्या मला," शकुताई म्हणाल्या. "मला घाई न्हाई."

दुसऱ्या रविवारी धर्मराजांची बहीण, गोजराआत्या, मासळीची रिकामी पाटी घेऊन तिथून चालली होती. ती मैदानाच्या कडेला थबकलीच. दिवस तुळशीच्या लग्नानंतरचे, आणि करावेत या दिवसांत मैदानावर फक्की पडली, की ती हळदीच्या मांडवाच्या खांबांचीच असते.

"कोनाची हलद हाय गो?" तिने विचारलं.

"कोणाची नाय. रस्ता काढलाय, रस्ता," खुर्चीत बसलेले धर्मराज चहाच्या कपात बघत म्हणाले.

"रस्ता? मैदानान?"

गोजराआत्याने गाडीकडे बघितलं. गाडीत दोघं हसत होती. भावाने चहाचा आणखी एक घोट घेतला. कपात चहा उरला नव्हता.

मग दर रविवारी आत्या तिथून जायची, तोच प्रश्न विचारायची, आणि दर वेळी कुणीतरी घाईघाईने म्हणायचं, रस्ता आहे, रस्ता.

हितेश मात्र शिकेना. मधल्या रेघा पाठ झाल्या, सायकलची लाल पट्टी कळली, पण मुशीच्या दातांवर गाडी घालायची ती घालायचीच. मनस्वी पायाखालचा ब्रेक दाबायची, गाडी गचकन थांबायची.

"दात दिसत नाहीत?"

"दिसतात ना. हसताना तर छान दिसतात."

"हितेश."

"बरं. रस्त्यावरचे."

ती 'अहो'वरून 'अरे'वर कधी आली, ते तिलाही समजलं नाही. पण एका रविवारी रेघांवरून चालता चालता तो एकदम म्हणाला, "ऑफिस दोन वर्षांचं विचारतंय. तीन महिन्यांनंतर तिकडेच राहायचं."

"मग?"

"उत्तर द्यायचंय. तुला काय वाटतं?"

काय वाटतं ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण जाऊ नको म्हणणारी मुलगी तिला व्हायचं नव्हतं. बापाने होडी विकून गाडी घेतली, तेव्हा आजीने त्याला रडून अडवू पाहिलं होतं. अडवणं कसं दिसतं, ते तिने घरातच पाहिलं होतं.

"मला काय वाटणार?" ती म्हणाली. "मी ड्रायव्हिंग शिकवते."

तो मान हलवून हसला. डोळे काही हसले नाहीत.

शेवटच्या रविवारी तिने पूर्ण चौक आखला. क्लासच्या दोन्ही गाड्या काढल्या. एकीत हितेश एकटा, दुसरीत स्टिअरिंगवर शकुताई आणि शेजारी मनस्वी. दोन गाड्या दोन बाजूंनी चौकात आल्या. दोन्ही थांबल्या.

थांबूनच राहिल्या.

शकुताईंनी हॉर्न वाजवला. समोरून हितेशने 'तुम्ही जा' असा हात केला. मनस्वीने तसाच हात केला.

"आगं, दात माज्याकडं हाईत," शकुताई म्हणाल्या. "मी कशी जाऊ?"

हितेश काच खाली करून ओरडला, "मॅडम, माझ्याकडेही आहेत."

मनस्वी खाली उतरली. खरंच होतं. फक्की मारताना लक्ष कुठे होतं कुणास ठाऊक, तिने दोन्ही रस्त्यांना टोकं लावली होती. ज्याने त्याने दुसऱ्याची वाट बघायची, असा चौक जगात कुठे नसेल. तो करावेत झाला होता.

हितेशही उतरला. दोघं आपापल्या दातांपाशी समोरासमोर उभी राहिली, चपलांना पांढरं फासून.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पुसून परत काढते. तू नाहीतर तिकडे जाऊन विसरशील."

"नाही विसरणार. मला हे दात पहिल्या रविवारीच कळले होते."

"माहीत आहे."

"माहीत होतं? मग ब्रेक कशाला दाबत होतीस?"

शकुताईंनी इंजिन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून. खुर्चीतले धर्मराज उठून उभे राहिले आणि परत बसले.

"ऑफिसला काय सांगितलंस?" तिने विचारलं.

"अजून काही नाही. कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून थांबलोय."

तेवढ्यात मैदानाच्या कडेला पाटी जमिनीवर आदळली.

"आज तरी सांगा रं," गोजराआत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली. "ही हलद कोनाची हाय?"

"रस्ता आहे गो..." धर्मराजांनी सुरुवात केली, आणि लेकीचा चेहरा बघून वाक्य तिथेच सोडलं.

मनस्वीने हितेशकडे बघितलं. तो अजून दातांच्या पलीकडे, आपल्या बाजूला उभा होता. नियमाप्रमाणे वाट बघत. तिने पाऊल उचललं आणि रेघ ओलांडून त्याच्या बाजूला गेली.

"माझी, आत्या," ती म्हणाली. "माझी आणि याची. दोन वर्षांनी हा परत आला, की."