तामाले शिजेनात तेव्हा

“चहात आलं छान उतरलंय.”

सात वर्षांपूर्वी पिंपळनेरला, माझ्या मावशीच्या घरी, एक मुलगा मला बघायला आला होता. तासभर बसला. मोठी माणसं कापसाच्या भावावर बोलत राहिली आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत एवढं एकच वाक्य बोलला. माझी मान खाली होती. त्यामुळं चेहऱ्यापेक्षा आवाजच जास्त लक्षात राहिला... जरा खर्जातला, शेवटचा शब्द हळूच खाली ठेवणारा.

आठ दिवसांनी मध्यस्थ रतिलाल नानांचा निरोप आला, “मुलगा परदेशी चाललाय. सध्या विचार नाही.”

सध्या! नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. पण ‘सध्या’ म्हणजे दाराला कडी लावलेली नाही, नुसतं दार लोटलंय. त्या फटीशी मी बसून राहिले. मागून दोन स्थळं आली. मी काहीतरी खोट काढली. मग बाबा गेले आणि जळगावातली त्यांची पिठाची गिरणी माझ्या गळ्यात आली. एकतिसाव्या वर्षी मी अख्ख्या गल्लीची ‘अक्का’ झाले. माझं नाव कस्तुरा आहे, हे मला कधीकधी लाइटच्या बिलावरूनच कळायचं... आणि तेही बिल बाबांच्या नावावर होतं, म्हणजे तिथूनही नाही.

गिरणी चालू असली की मी गाते. कुणाला ऐकू जात नाही, हेच त्यातलं सुख. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, सकाळी नवाच्या सुमाराला, बाजरीचं दळण टाकलं होतं आणि मी मोकळ्या गळ्यानं म्हणत होते,

*पिठामंदी लिहिते नाव, पुसून नेतो वारा...*

आणि लाइट गेली.

पट्टा थांबला. दगड थांबले. माझा आवाज मात्र थांबायला विसरला; ‘वारा’ शब्द एकटाच गिरणीभर फिरला.

“पुढची ओळ?” मागून कुणीतरी विचारलं.

मी वळलेच नाही. वळायची गरजच नव्हती. तो आवाज... ‘ओळ’ शब्द त्यानं हळूच खाली ठेवला होता.

“पुढं काही नाही,” मी म्हणाले. “लाइट गेली.”

पुढं होतं. *माझ्या जीवाचा सांगावा, कोण नेईल त्याच्या घरा.* पण ते काय सांगायचंय?

शेवटी वळले. तो दारात उभा होता. हातात स्टीलचा डबा, कानाला मफलर. माझ्या तोंडाला फडकं, पापण्यांवर पीठ, केस पांढरे. त्याच्या डोळ्यांत ओळखीचं काहीच हललं नाही.

“हे दळून मिळेल?”

डब्यात मका होता. ओला, फुगलेला, पिवळाधमक. चुन्याचा वास मारणारा.

“शिजवलेला मका गिरणीत?” मी एकदम भडकले. “दगडांना लगदा बसेल. पुन्हा छिन्नीनं टाकी लावून घ्यावी लागेल. आणि हा चुना कशाला? तंबाखू खाता का मक्याबरोबर?”

तो हसला. “चुन्यात उकळला, रात्रभर ठेवला, की साल सुटते. तामाले करायचेत.”

“काय करायचेत?”

मग तो तिथंच, बंद गिरणीच्या उंबऱ्यावर बसून सांगत राहिला. ठिबकच्या कंपनीकडून तो मेक्सिकोला होता, हालिस्को राज्यातल्या एका गावात. घरमालकीण दोन्या लुपे. “दोन्या म्हणजे आपल्याकडची अक्का.” तिच्या घरी सहा जानेवारीला एक गोड पाव कापतात. त्यात इवलीशी बाहुली लपवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल, त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले खाऊ घालायचे. मक्याचं पीठ, आत मांस, मक्याच्याच सालात गुंडाळून वाफवलेलं.

“गेल्या वर्षी बाहुली मला आली. आणि त्याच आठवड्यात आईचं दुखणं कळलं. निघून आलो. मी पोचायच्या दोन दिवस आधी आई गेली. तामाले राहिले ते राहिलेच.”

“मग आता कुणाला खाऊ घालणार?”

त्यानं डब्याचं झाकण लावलं. “ते अजून ठरवलं नाही.”

या गावात त्याचं कुणी नव्हतं. कंपनीच्या इथल्या कामापुरती पलीकडच्या गल्लीत वरच्या मजल्यावर खोली, रोज खानावळीचा डबा. आणि दहा फेब्रुवारीला पुन्हा विमान, या वेळी तीन वर्षांसाठी.

“दोन तारखेला इथंच करा. पाटा-वरवंटा आहे माझ्याकडं,” मी म्हणाले. म्हणाले म्हणजे, तोंडातून निघून गेलं.

“मी अभिमन.”

“माहीत—” मी जीभ चावली. “म्हणजे... बरं.”

“आणि तुम्ही?”

“इथं सगळे अक्का म्हणतात.”

“मी नाही म्हणणार.”

“का?”

“अक्का म्हटलं की पाया पडावं लागतं,” तो म्हणाला आणि गेला.

त्या दिवशी तीन गिऱ्हाइकांची दळणं मी एकमेकांत मिसळली.

मग तो रोज येऊ लागला. कधी मक्याची सुकी सालं घेऊन... शेतकरी त्याला विचारायचे म्हणे, “गाय कितीची घेतली?” कधी नुसताच. आणि रोज दोन-तीन नावं घेऊन यायचा.

“मंदाकिनी?”

“नाही.”

“हिराबाई?”

“मी काय साठ वर्षांची आहे?”

“पीठ झटकल्याशिवाय कसं कळणार?”

“नावाशी दळणाचं काय काम?”

“दळणाचं नाही. माझं आहे.”

असलं काही बोलून तो पट्ट्याकडं बघत बसायचा, जसा तेव्हा कॅलेंडरकडं बघत होता. मी हसायचे, आणि तो गेला की हसू निवून जायचं. पंधरा दिवसांत त्यानं चाळीसेक नावं घेतली. मोहिनी घेतलं, रुपा घेतलं, अगदी गोदावरीसुद्धा. कस्तुरा एकदाही नाही. म्हणजे विसरला. म्हणजे मी सात वर्षं ज्याच्या फटीशी बसले, त्या घरात माझं नावसुद्धा राहत नव्हतं. मग मी तरी कोणत्या तोंडानं सांगू, की बघा, ती मीच?

दोन फेब्रुवारीला दुपारी गिरणी बंद ठेवली. तो आला, आणि शेजारच्या बेबाबाई आल्या. त्यांना बोलवावं लागत नाही, वास पुरतो. सत्तरीच्या, साक्रीकडच्या, बोलणं सगळं अहिराणी.

“हाई काय शे व माय?” भिजत घातलेली सालं बघून त्या म्हणाल्या. “ढोरेसना चारा मानसे खातस का?”

“खातात मावशी. आजच्या दिवस तुम्ही पण खा.”

“पोऱ्या, लगीन व्हयनं का तुनं?”

“नाही अजून.”

“मंग बरोबर शे. बायको ऱ्हाती तर चारा खाऊ नही देती.”

मी पाट्यावर मका वाटू लागले. तो समोर बसून दाणे सरकवत होता. “तिकडं पण अस्साच पाटा,” तो म्हणाला, “फक्त त्याला तीन पाय असतात.” वरवंट्याखाली त्याची बोटं माझ्या बोटांच्या इतकी जवळ यायची की मी वाटायची गती कमी केली. चिरडू नयेत म्हणून... असं मी स्वतःला सांगितलं.

मांस त्यानं सकाळीच शिजवून आणलं होतं. बोकडाचं, लाल मिरचीत, वरून माझा काळा मसाला.

“दोन्या लुपे यात काय घालायची?” मी विचारलं.

बेबाबाई पाणी आणायला उठल्या होत्या. तो खाली बघून म्हणाला, “बीफ.”

“तुम्ही खाल्लं?”

“पहिली दिवाळी होती. कुणी नव्हतं. तिनं ताटात वाढलं आणि जवळ बसली. खाल्लं. आईला कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही.”

“मग मला का सांगितलं?”

“माहीत नाही. तुम्हाला सांगून टाकावंसं वाटतं सगळं.”

मी पुन्हा वाटू लागले. त्यानं त्याचं सांगून टाकलं होतं. माझं अजून घशातच होतं, आणि दहा तारीख आठ दिवसांवर.

पीठ तुपात फेटलं. सुपारीएवढी गोळी पाण्यात टाकली. ती तरंगली, तेव्हा तो लहान पोरासारखा ओरडला. सालाच्या गुळगुळीत बाजूला पीठ पसरायचं, मध्ये मांसाची रेघ, घडी, आणि सालाच्याच चिंधीनं गाठ. बेबाबाईंच्या घड्या सगळ्यांत सुबक. “पोरगं दुपट्यामा बांधानं, तसंच शे,” त्या म्हणाल्या. मोठ्या पातेल्यात तळाशी एक रुपयाचं नाणं टाकलं. पाणी आहे तोवर ते वाजत राहतं. वर जाळी, जाळीवर छत्तीस तामाले उभे.

तासानं उघडलं. पीठ चिकट. दीड तासानं उघडलं. तसंच.

“वाफ जात असेल,” मी म्हणाले.

“किंवा कुणाच्या तरी मनात राग आहे.” त्यानं झाकण ठेवलं. “चेष्टा नाही. तिकडं सगळे मानतात. घरात कुणी राग धरून बसलं असेल तर तामाले कच्चे राहतात. दोन्या लुपे सगळ्यांना चुलीपाशी उभं करायची. राग बोलून टाका, मगच शिजतील.”

“बठ्ठासना मनमा राग ऱ्हास,” बेबाबाई म्हणाल्या आणि पदर खोचून पातेल्यासमोर उभ्या राहिल्या. “मनी सून! पंधरा दिन व्हयनात, एक फोन नही. आनि मी करू तर म्हणस, आते काममा शे!” बोलता बोलता त्यांचे डोळे भरले, मग त्याच हसल्या. “मी मनं सांगी टाकं. आते तुम्हीन.”

अभिमन पातेल्याकडं बघत म्हणाला, “माझा माझ्यावरच. दोन दिवस उशिरा पोचलो.” एवढंच.

दोघांनी माझ्याकडं बघितलं.

“मला कसला राग?” मी म्हणाले. “मला काही राग नाही.”

दहा मिनिटांनी झाकण काढलं. कच्चे.

“झाकणवर ठेवाले वजन लई येस मी,” म्हणत बेबाबाई वजन आणायला त्यांच्या घरी गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं दळणातला खडा बघावा.

स्वयंपाकघरात फक्त नाण्याची खुडखुड राहिली. मी नळाखाली तोंड धुतलं. पापण्या, कपाळ, केसांच्या कडा. पदरानं पुसून त्याच्यासमोर उभी राहिले.

“तुम्ही एक नाव कधीच घेतलं नाहीत.”

“कोणतं?”

“कस्तुरा.”

त्याचा हात झाकणावर होता, तो तिथंच राहिला. चटका बसला असणार; त्यानं काढला नाही.

“ते मी मुद्दाम घेत नव्हतो,” तो म्हणाला, फार हळू. “एक मुलगी होती. पिंपळनेरला. ते नाव घ्यायला मला तोंड नाही.”

“चहात आलं तिनंच किसलं होतं.”

आता त्यानं माझ्याकडं बघितलं. कॅलेंडरकडं नाही, पट्ट्याकडं नाही, माझ्याकडं. सात वर्षांत पहिल्यांदा.

“कस्तुरा...”

“घरच्यांनी नको म्हटलं ना?” मी विचारलं. मला तसंच हवं होतं. घरच्यांवर रागावणं सोपं असतं.

“नाही. मीच म्हटलं.” त्यानं लपवलं नाही. “कागद हातात आले होते. मागं कुणी वाट बघत बसलंय, हे ओझं मला नको होतं.”

“मग ‘सध्या’ कशाला म्हणालात?”

“सध्या?” त्याला खरंच कळेना. “मी नुसतं नको म्हणालो होतो. ते... नानांनी घातलं असेल. वाईट वाटू नये म्हणून.”

म्हणजे तो शब्द त्याचा नव्हताच. एका म्हाताऱ्या माणसानं तोंडदेखलेपणानं लावलेलं ते ठिगळ होतं, आणि मी त्याची चादर करून सात हिवाळे काढले. मला रडायला येईल असं वाटलं. आलं ते हसू. मग हसताहसताच रडू. तो पुढं आला, मध्येच थांबला; हात कुठं ठेवावेत ते त्याला समजेना.

“माझ्यावर ओरडा,” तो म्हणाला. “राग आहे ना? ओरडा. मग मी जातो.”

“राग तर आहेच. खूप आहे. तुम्ही ‘नको’ म्हणालात त्याचा नाही. मी कुणाला काही विचारलं नाही, त्याचा. पत्ता काढता आला असता. फोन करता आला असता. मी आपली गात बसले, ते पण गिरणी चालू असताना.”

बाहेर बेबाबाईंच्या चपला वाजल्या, आणि दाराशी येऊन थांबल्या. आत आल्या नाहीत.

“दहा तारखेला...” त्यानं सुरुवात केली.

“थांबा. आधी माझं होऊ द्या.” मी डोळे पुसले. आवाज थरथरत होता, पण तो झाकायला आज गिरणीची घरघर नव्हती.

“या वेळी मी वाट बघणार नाही. म्हणून आत्ताच सांगते, अभिमन... मला तुम्ही हवे आहात.”