जुवाची डावी बाजू

साल २००५. आम्ही तेव्हा दारव्ह्याला राहत होतो. मी अजूनही तिथेच राहते.

जे लिहिते आहे ते माझ्याच घरात घडलं. पटलं नाही तर सोडून द्या. या वयात खोटं बोलून मला काय मिळणार?

माझा सलील वीस वर्षांचा होता. त्याला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. विकतची परवडेना, म्हणून घरीच बनवायची ठरवली. तारा, वायरिंग, सगळं नागपूरहून आणलं. अडलं ते लाकडावर.

सागवान आमच्याच जिल्ह्यातलं, पण वखारीतला भाव ऐकून तो परत यायचा. आरागिरणीतले तुकडे ओले, वाळले की वाकतात. खोक्यांच्या फळ्या ठिसूळ.

"पाटावर तारा बांध," सलीलचे बाबा म्हणाले. "जेवताना बसू, मग वाजवू."

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. बाजारात बैलच बैल विकायला यायचे. बैलगाड्या जागच्या जागी मोडत होत्या. ह्यांच्या ओळखीचे घनश्यामभाऊ जवळच्या खेड्यात शेती करायचे. त्यांच्या बैलजोडीतला तांब्या उन्हाळ्यात वीज पडून गेला. उरलेला बांड्या दुसऱ्या बैलाशी जुळेना, म्हणून तो विकला.

गोठ्यात जू तेवढं राहिलं होतं. शिवणीच्या लाकडाचं. हलकं, वर्षानुवर्षं वाळलेलं.

"घिऊन जा, बापू," घनश्यामभाऊ सलीलला म्हणाले. "मले ते चुलीत घालवत नाही."

त्यांची बायको बेबीताई हसली. "तांब्या लय बेसूर हंबरे, बाप्पा. तसं नको वाजू म्हणा त्याले."

सलीलने जुवाचे तीन तुकडे केले, शेजारीशेजारी चिकटवले, गिटारीचा आकार कापला. बैलांच्या मानेने घासून एका जागी गुळगुळीत खळगा पडला होता. तिथे त्याने रंधा फिरवला नाही.

"हे राहू दे, आई. असं हाताने होत नाही."

मग पोळ्याची आदली संध्याकाळ आली. आमच्याकडे त्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात. आमच्या घरी बैल नव्हते. सलीलने लहानपणी ते घनश्यामभाऊंकडे पाहिलं होतं.

त्याने बोटांवर तूप-हळद घेतली. गिटारीच्या त्या खळग्याला लावली.

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"गिटारीला पुरणपोळी वाढू का रे?" मी विचारलं.

"यंदा कोणी केलं नसेल गं तांब्या-बांड्याचं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला...

घुंगरांचा आवाज आला.

वाटलं, पोळ्यातून कुणाचे बैल परतत असतील. आवाज आमच्या फाटकापाशी आला आणि थांबला.

मी बाहेर पाहिलं. रस्ता रिकामा होता.

घरात गिटार भिंतीला टेकून होती. तिची वायर स्पीकरला जोडलेली. तारांना कुणाचा हात नव्हता. तरी स्पीकरमधून आवाज येत होता... संथ... ओलसर... एका लयीत.

माझं बालपण गोठ्याला लागून गेलं. मी तो आवाज ओळखला.

रवंथ.

सलील घाबरला नाही. "आला," एवढंच म्हणाला.

त्यानंतर तो रोज वाजवायचा. पट्टा डाव्या खांद्यावर. थोड्याच दिवसांत तो खांदा सुजला. कातडी सोलली. मी गिटार उचलून ठेवली, तरी जखम वाढतच गेली, वर तापही चढला.

घनश्यामभाऊ भेटायला आले. खांदा पाहिला.

"वहिनी, बैलाचा खांदा असा येते. जुवानं."

"काहीतरीच काय, भाऊ."

"आवतण कोनं देल्लं?"

"मी, काका," सलील म्हणाला.

घनश्यामभाऊंनी त्याचा हात हातात घेतला. मग म्हणाले, "तांब्या उजवीकून चाले. डावी बाजू बांड्याची. ते रिकामी हाय ना, बापू... तो जोडी शोधून राह्यला."

त्याच दिवशी ते बांड्याला परत आणायला निघाले. या बाजारातून त्या बाजारात फिरले. शेवटी एका दलालाने सांगितलं, तो बैल कधीच ट्रकमध्ये चढला. कुठे गेला, ठाऊक नाही.

रिकाम्या हाताने ते परतले तेव्हा आमच्या दारात माणसं जमली होती.

ताप कशाने चढला ते डॉक्टरांना शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटच्या दुपारी सलील मला म्हणाला होता, "आई, खूप ओढावं लागतं गं."

घनश्यामभाऊंनी पुन्हा बैल ठेवले नाहीत. शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर दिलं. काही वर्षांनी गेले. बेबीताई लेकीकडे ढाणकीला असते. फोन करते, पण पोळ्याच्या दिवसांत करत नाही. सलीलचे बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. घरात सलीलचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. गिटार आम्ही त्याच्याबरोबर चितेवर ठेवली होती.

तरीही दरवर्षी पोळ्याला आवाज येतो.

आधी एकट्या बैलाची चाल होती. आता तिच्या शेजारी आणखी दोन पावलं असतात... अनवाणी... माणसाची. फाटकापर्यंत येतात. जड श्वास ऐकू येतो. मग पुढे जातात.

मी देवाधर्माचं सगळं केलं. जाणत्यांना विचारलं. बैलाला जुवातून कसं सोडतात, ते इथल्या लहान पोरालाही माहीत असतं.

माझ्या मुलाला कसं सोडवायचं, ते कोणी सांगत नाही.