पुढच्या बारा वर्षांची रेषा

उत्तर नॉर्वेच्या त्या चिमुकल्या बंदरात वसंत आला की बेकरीच्या भिंतीवर समुद्राचा नकाशा लागे, आणि पाव घ्यायला आलेला प्रत्येक कप्तान खडूने त्यावर एक फुली मारून जाई. यंदा रेषा कुठे बसेल, याचा तो अंदाज. ज्याची फुली सर्वांत जवळची ठरे त्याला हंगामभर दालचिनीचे बन फुकट. यंदा मात्र नकाशावर एक फुली अशी होती की बघणारा आधी हसे आणि मग ही कोणी मारली म्हणून विचारी.

ती रेवती चोगलेने मारली होती. कोकणातल्या हर्णैच्या, मासेमारी होडी हाकणाऱ्या एका तांडेलाची ही मुलगी, समुद्रशास्त्रातली डॉक्टर. पाच वर्षांपूर्वी इथे आली, तरी दर आठवड्याला एक हातमोजा हरवायची ती हरवायचीच. बाकीच्या सगळ्या फुल्या गेल्या वर्षीच्या जागेभोवती गर्दी करून बसल्या होत्या आणि हिची एकटीची ईशान्येला, तब्बल दीडशे किलोमीटर दूर. बेकरीवाल्या बाईंनी तर तिला विचारलंसुद्धा की खडू घसरला का.

रेषा म्हणजे दोन पाण्यांची सीमा. दक्षिणेकडून अटलांटिकचं कोमट, खारट पाणी वर सरकतं, ध्रुवाकडून बर्फाळ पाणी खाली येतं. दोघं भिडतात, पण चटकन मिसळत नाहीत. मधे काही किलोमीटर रुंदीचा पट्टा तयार होतो. शास्त्रज्ञ त्याला संधिरेषा म्हणतात, बंदरातले लोक नुसतं रेषा. तिथे खाद्य उसळून वर येतं, त्यामागे बारके चंदेरी मासे, त्यांच्यामागे कॉड आणि कॉडमागे माणूस. पंचाईत एवढीच की या रेषाबाईसाहेब एका जागी राहत नाहीत. समुद्रातल्या उंचवट्याची कड धरून चार-पाच वर्षं बसतात आणि एखाद्या वर्षी उठून चालू लागतात. त्यातून वितळलेल्या बर्फाचं पाणी वर पांघरूण घालतं, त्यामुळे उपग्रहालाही त्यांचा पत्ता नीट लागत नाही.

रेवतीने तो पत्ता शिंपल्यांना विचारला. त्या समुद्राच्या तळावर पाच-पाचशे वर्षं जगणारे जाड कवचाचे शिंपले असतात आणि झाडाच्या खोडात चढतं तसं दरवर्षी त्यांच्या कवचावर एक वळं चढतं. पूर्वी ही वळी मोजायला शिंपला कापावा लागे, म्हणजे साक्षीदाराला मारून त्याची जबानी घ्यायची. रेवतीच्या गटाने वलयवाचक बनवला. खेकड्याएवढं हे यंत्र तळावर सरपटत जातं, ध्वनिलहरींनी जिवंत शिंपल्याची वळी वाचतं आणि त्याला आहे तिथेच सोडून देतं. कोमट पाण्यातल्या वर्षाचं वळं जाड, थंड पाण्यातलं बारीक. चार हजार शिंपल्यांची वळी शेजारी शेजारी मांडल्यावर गेल्या पाचशे वर्षांत रेषा कधी कुठे होती याची रोजनिशीच हाती आली. आणि त्या चालण्यात लय होती! ज्या दिवशी ती पडद्यावर दिसली त्या दिवशी रेवती प्रयोगशाळेत एकटीच नाचली होती.

मत्स्य खात्याची अट साधी होती. यंदाचा अंदाज खरा ठरला तर पुढच्या बारा वर्षांचे अंदाज सगळ्या बोटींना खुले करायचे. चुकला तर गाशा गुंडाळायचा. अडचण अशी की पाच आठवड्यांच्या हंगामातला एक आठवडा हिच्या फुलीवर उधळायला कोणी कप्तान तयार होईना.

शेवटी आस्लाक तयार झाला. साठी उलटलेला हा कप्तान, उत्तरेच्या आदिवासी सामी लोकांतला, बेचाळीस वर्षं याच समुद्रात. वडीलधाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारणं जिभेवर येईना म्हणून रेवती त्याला काका म्हणायची, आणि त्या शब्दाचा अर्थ कळल्यापासून तो दुसऱ्या कशालाच ओ देत नसे. तो म्हणाला, दोन वर्षं माझी फुली चुकतेय, तिसऱ्या वर्षी तुझी चुकू दे.

ती चुकली नाही. आस्लाकच्या बोटीने बंदर सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राचं तापमान साडेपाच अंश होतं. रेवती आकड्यावरची नजर हलवायला तयार नव्हती, हातातली कॉफी गार झाली. साडेपाच. पाच. मग अर्ध्या तासात चार, तीन, दीड. तिने मान वर केली तर समोर पाण्यावर फेसाची लांबच लांब पट्टी होती, अलीकडे हिरवट पाणी, पलीकडे काळंनिळं, आणि वर हजारो पक्ष्यांचा नुसता कल्ला. फुलीपासून जेमतेम सहा किलोमीटर. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आलं. आस्लाकने माशांचा वेध घेणाऱ्या पडद्यावर बोट ठेवलं. पडदा वरपासून खालपर्यंत भरला होता.

दुपारपर्यंत बोटीचं पोट निम्मं भरलं. जेवताना रेवतीची टकळी थांबत नव्हती. तिने पुढच्या बारा वर्षांचा नकाशा उघडून त्याच्यापुढे ठेवला. ही रेषा चार वर्षं इथे, मग चालून इथे, मग पुन्हा पाच वर्षं इथून हलत नाही. तो एकेका वर्षावर बोट ठेवत गेला.

"आणि कोरडं वर्ष कधी?" त्याने विचारलं.

"आता नाहीच, काका. रेषा चालली तरी कुठे चालली ते आपल्याला ठाऊक."

तो हसला नाही. हळूहळू आठवून सांगू लागला. लग्न झालं ते वर्ष कोरडं गेलं होतं, कोणालाच रेषा सापडली नव्हती. थोरली शाळेत जाऊ लागली ते वर्षही तसंच. दोन्हीनंतर सहा-सात वर्षांनी एवढा कॉड आला की जाळी ओढवेनात. रेवतीने सहज ती वर्षं शिंपल्यांच्या रोजनिशीत पाहिली. दोन्ही वर्षी रेषा चालली होती. मग तिने मागची सगळी चालती वर्षं काढली आणि त्यांच्यापुढे मासेमारीचे जुने आकडे मांडले. कॉड वयात यायला लागतात तितकीच, सहा-सात वर्षं, आणि मग भरती. दर वेळी.

तिच्या हातातला घास तसाच राहिला. हर्णैला दरवर्षी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतात. बंदी असते, तेवढ्यात मासा वाढतो. इथे आल्यापासून तिला कोडं पडलं होतं की या समुद्राला विसावा कधी मिळतो. दरवर्षी किती मासा धरायचा याचा ठरलेला कोटा इथे माशाला वाचवत होता, तो काही वर्षं भरतच नव्हता म्हणून. रेषा नाहीशी व्हायची, माणूस भलतीकडे शोधत बसायचा, आणि मागे पिल्लं मोठी व्हायची. हीच वर्षं ती पुसून टाकायला निघाली होती.

अंदाज खरा ठरला की चुकला, हे खात्याला बोटीवरूनच चार वाजेपर्यंत कळवायचं होतं. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. खोटं लिहिणं तिला जमणार नव्हतं, आणि तिने नाही सांगितलं तरी शिंपले दुसऱ्या कोणाला सांगणारच होते.

"अंदाज सगळ्यांना देऊ," ती म्हणाली, "आणि रेषा चालेल त्या वर्षी बंदी ठेवू. आमच्याकडे पाळतात, काका."

आस्लाकने खिडकीतून बाहेर पाहिलं. पक्षी अजून पाण्यावर तुटून पडत होते. या बंदरात रेवतीचा सगळ्यांत जास्त विश्वास याच माणसावर होता.

"मासा नेमका कुठे आहे हे माहीत असताना," त्याने विचारलं, "मी घरी बसून राहीन, असं तुला खरंच वाटतं?"