लाइट खाणारा झरा

"घाल हात! काहून भेऊन राहिला?" रागिणीनं धाकट्या भावाला, श्यामला, दटावलं.

श्यामनं डोळे मिटून हौदात हात घातला आणि टुणकन मागे उडी मारली. "अरे बापरे! बरफ हाये हे तं!"

रागिणी आणि अमरावतीहून दिवाळीच्या सुट्टीला आलेली तिची मामेबहीण वर्षाली एकमेकींकडे बघतच राहिल्या. कारण हा हौद साधासुधा नव्हता! नागपूरच्या निखाडे साहेबांनी परतवाड्याजवळच्या या गावात बोअर मारून जमिनीतून गरम पाणी काढलं होतं म्हणे. काल दुपारी याच हौदातून वाफा निघत होत्या. "या उष्णतेवर वीज करू, गावाला चोवीस तास लाइट देऊ! या पाण्यानं सर्दी, गुडघेदुखीही पळते!" असं साहेब सांगत सुटले होते. बदल्यात त्यांना नाल्याकाठची ग्रामपंचायतीची जागा हवी होती. नेमकी तीच, जिथं रागिणीचे बाबा, महादेवराव, वर्षानुवर्षं संत्र्याची कलमं लावत आले होते. जागा गेली की रोपवाटिका गेली, आणि घर चालायचं ते तिच्यावरच. जागेचा निर्णय येत्या रविवारच्या गावसभेत व्हायचा होता.

तेवढ्यावर थांबलं असतं तर! हौदातलं कढत पाणी पाटानं वाहत आलं आणि अर्धी कलमं उकडून गेली. रागिणी तणतणत जाब विचारायला गेली, तर साहेब साऱ्या गावासमोर खो खो हसले.

"ही पृथ्वीच्या पोटातली उष्णता आहे, मुली. तक्रार करायची तर पृथ्वीकडे कर!"

बाबा शेजारीच मान खाली घालून उभे होते. ती खाली गेलेली मान काही केल्या रागिणीच्या डोळ्यांपुढून हलेना. या माणसाला रडवल्याशिवाय सोडायचं नाही, असं तिनं पक्कं ठरवलं होतं.

"पण खरं भूगर्भातलं पाणी सकाळी गार कसं पडेल?" वर्षाली म्हणाली. "जमिनीत जितकं खोल जावं तितकं तापत जातं. भेगांतून खाली गेलेलं पाणी तिथं तापून वर येतं. त्याच्या वाफेनं चाक फिरवायचं, वीज करायची आणि निवलेलं पाणी परत जमिनीत सोडायचं. ते पुन्हा तापतं! कोळसा नको, डिझेल नको. ऊन नसो, वारा नसो, ती उष्णता कधी सुट्टी घेत नाही. लडाखच्या पुगा खोऱ्यात तर कडाक्याच्या थंडीतही उकळतं पाणी वर येतं."

"मंग आपला झरा रातच्याले झोपते काय?" श्यामनं विचारलं.

रागिणी ताडकन उभी राहिली. "श्याम! शेतातली थ्री-फेज लाइट सध्या कवा असते?"

"दिवसा. संध्याकाळी जाते. सोमवारपासून रातची पाळी."

शेतातल्या पंपांची ही लाइट एक आठवडा दिवसा, तर एक आठवडा रात्री मिळते; ती पाळी गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. तिघांनी हौदामागची ताजी माती उकरली. खाली जाडजूड काळी केबल! ती बोअरजवळच्या पत्र्याच्या पेटीतून निघून थेट हौदाच्या तळाशी गेली होती.

"ऑटो लावला हाये!" श्याम ओरडला. "लाइट आली का हीटर आपोआप सुरू! साहेबाले इथं यायचंही काम नाही!"

"चला, आत्ताच मोठ्यांना सांगू," वर्षाली म्हणाली.

"नाही!" रागिणीचे डोळे चमकले. "आत्ता सांगतलं तं माफी मागून मोकळा होईन तो. मले तो हौदात पाहिजे!"

त्यांनी माती होती तशी लोटली. रागिणी साळसूद चेहऱ्यानं सरपंच नत्थुजींकडे गेली. "काका, रविवारी अर्धा गाव परतवाड्याले जाते. सभा सोमवारी सकाळी घ्या ना, हौदापाशीच. अन् त्या पाण्यातली पहिली आंघोळ साहेबांची! मान त्यांचाच ना!"

नत्थुजींना ते पटलं. साहेब तर मानाच्या नावानं फुलूनच गेले!

सोमवारी पहाटेपासून झोंबरा गारठा होता. साहेब परतवाड्याच्या लॉजवरून थेट सभेला आले. गाडीतून उतरताच रागिणीनं झेंडूचा हार घातला. हौदाकडे बघायला तिनं त्यांना सवडच दिली नाही.

"चला साहेब, उतरा!" गाव ओरडलं.

साहेबांनी हौदाकडे पाहिलं. वाफ नाही! त्यांचा चेहरा पडला. "आज... जरा सर्दी आहे मला..."

"गरम पाण्यानं पळते ना सर्दी!" रागिणी गोड हसली. "तुमीच तं सांगतलं होतं!"

गुडघ्यांच्या दुखण्याला कंटाळलेल्या मैनाबाई तर टॉवेल घेऊन नंबर लावून बसल्या होत्या. माघार घ्यायची सोय उरली नाही. साहेब सदऱ्यासकट गळ्यापर्यंत उतरले आणि किंचाळले, "आई गं!"

नत्थुजींनी पाण्यात हात घातला. "हे तं गारेगार हाये!"

शॉक बसू नये म्हणून श्यामनं मेन स्विच आधीच पाडून ठेवला होता. आता त्यानं सर्रकन केबल उपसून गावापुढे धरली.

"वीज देणारा झरा म्हणे!" वर्षाली ओरडली. "हा तर वीज खाणारा झरा आहे! थ्री-फेज गेली की उपाशी!"

साहेबांचे दात कडाकडा वाजत होते. रागिणी अगदी काठाशी जाऊन उभी राहिली. किती वाट पाहिली होती तिनं या घडीची!

"गार लागलं, साहेब? तक्रार करायची तं पृथ्वीकडे करा!"

सारा गाव खो खो हसला. नत्थुजींनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "शाब्बास रे पोरांनो! मोठ्यांचे डोळे उघडले तुमी. जागा महादेवरावांकडेच राहीन. अन् जळाली तितकी कलमं हा साहेब भरून देईन, मंगच गाव सोडीन!"

महादेवरावांची मान आता ताठ होती. त्यांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "वाघीण हायेस पोरी! पण बस झालं. दे त्याले मैनाबाईचा टॉवेल."

"देतो ना बाबा," रागिणी म्हणाली आणि टॉवेलची सावकाश, अगदी सावकाश घडी घालू लागली. "पण त्याले आधी नीट थरथरू तं द्या!"