सर हो म्हणाले

क्षणविस्तारक चंद्रवसाहतीत आला, तेव्हा वसाहतप्रमुख सुलक्षणा रणपिसे यांनी तो पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हा डोक्याला बांधला की अक्कल वाढते म्हणे?"

"अक्कल नाही मॅडम, वेळ," डॉ. ग्रेसी लोपीस हसल्या. या मेंदूतज्ज्ञ बाई वसईच्या, बोलणं रोखठोक. "बाहेर एक मिनिट जातं, मेंदूला तासभर मिळतो. पण तेवढ्यात डोळे-कान फार मागे पडतात, बाहेरचं आत काहीच येत नाही. मग मेंदू आठवणीतली एखादी जागा उभी करतो. तिथं बसून विचार करायचा. मनाशी 'पुरे' म्हटलं की पट्टा बंद."

"आणि तिथली माणसं बोलतात?"

"बोलतात की! पण ती तुमच्याच डोक्यातली. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?"

सुलक्षणाबाईंनी मान डोलावली. मोठ्या माणसांचं हे असंच असतं. मान डोलावतात आणि विसरतात.

सौरवादळाचा इशारा आला तो ऐन जेवणाच्या वेळी. वीस मिनिटांत घातक किरणांचा मारा सुरू होणार होता. सगळे संरक्षक तळघराकडे धावले. पण याकूब आणि शाल्मली चांद्रगाडी घेऊन दूर गेलेले, परतायला चाळीस मिनिटं तरी लागणार. त्यांच्यासाठी दार उघडं ठेवावं, तर आतल्या साठ जणांच्या जिवाशी खेळ. लावून घ्यावं, तर ती दोघं गेलीच.

"मॅडम, माझं जरा ऐका," भूगर्भतज्ज्ञ गोपाळ दळवी पुढे सरसावले. दळवींचं पुराण एकदा लागलं की संपत नाही, हे साऱ्या वसाहतीला ठाऊक. बाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. "ग्रेसी, पट्टा बांध."

आणि काय सांगावं! समोर गुंजाळ सरांची खोली. कोकणातल्या त्या जुन्या इंजिन-चाचणी केंद्रातली, जिथे सुलक्षणा पहिल्यांदा नोकरीला लागली होती. खिडकीतून खारा वारा, टेबलावर गवती चहाची किटली, आणि बाह्या दुमडून बसलेले सर. बारा वर्षांपूर्वी गेलेले सर! किती सुखाचे दिवस होते ते, आणि तेव्हा मेलं कुणाला कळत होतं?

त्या खोलीची एक रीत होती. रोज एकाची वाकडं बोलायची पाळी. सगळ्यांचं एकमत झालं तरी पाळीवाल्यानं विरोध करायचाच, आणि तो ऐकल्याशिवाय निर्णय होत नसे. सुलक्षणानं काही सुचवलं की सर दुसऱ्याची पाळी हिसकावून घेत. "थांब भांडकुदळे, तुझ्याशी मीच भांडतो!" संध्याकाळपर्यंत तिच्या कल्पनेची चाळण व्हायची. तेव्हा राग यायचा, घरी जाऊन ती रडायचीसुद्धा.

"सर, मी दार उघडं ठेवते," ती म्हणाली. "गाडी भरधाव आणवते. थोडं सगळ्यांनी सोसू, पण आपली माणसं टाकायची नाहीत."

"बरोबर आहे तुझं," सर म्हणाले.

तिला हायसं वाटलं. चहा झाला, जुन्या गप्पा झाल्या. मग तिनं सहज विचारलं, "आज वाकडं कोण बोलणार, सर?"

"कशाला? तू म्हणतेयस ना." सर प्रेमानं हसले.

सुलक्षणानं कप खाली ठेवला. तासातला बराच वेळ अजून उरला होता. अजून एक कप चहा सहज झाला असता. तिनं सरांकडे डोळे भरून पाहिलं आणि मनाशी म्हटलं, पुरे.

"दळवी, बोला! चटकन!"

"अहो, मघापासून तेच तर सांगतोय! त्यांना परत बोलावूच नका. ते आहेत तिथून जवळच लाव्हाचं भुयार आहे, आम्ही परवाच मोजलं. पाच मिनिटांत आत शिरतील. वर भला जाड खडक आहे."

तळघराचं दार लागलं. वादळ ओसरल्यावर याकूब आणि शाल्मली धुळीनं माखून परतले. दळवींनी भुयाराची हकिकत तीनदा सांगितली आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.

बाई मात्र आपल्या खोलीत ओक्साबोक्शी रडत होत्या. ग्रेसी घाबरली. "मॅडम, सगळे सुखरूप आहेत. आता काय झालं?"

"सर गेले तेव्हा मी टिपूसही गाळलं नव्हतं, ग्रेसी. वाटायचं, डोक्यात आहेतच की, अडलं तर विचारू. आज विचारलं."

"मग?"

"हो म्हणाले गं. लगेच हो म्हणाले."