डब्यावरचं नाव

सात रस्ता चौकात रिक्षाची वाट बघत उभ्या असलेल्या रुद्राणीनं स्वतःचं नाव एका मोटारसायकलवर वाचलं, आणि तिला वाटलं, उन्हानं आपले डोळे फिरले.

सिग्नलला थांबलेली जुनी लाल गाडी. इंजिनाच्या बाजूला पत्र्याच्या पट्टीनं आवळून बसवलेला स्टीलचा डबा. आणि डब्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं — ‘चि. रुद्राणी शि. बिराजदार. बारशानिमित्त मामाकडून.’

डबा तिच्याच घरचा! अन् गाडीवर बसलेला महाभाग म्हणजे त्यांच्या खालच्या खोल्यांत भाड्यानं राहणारा, नातेपुत्याचा अनीश. ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि उरलेला सगळा वेळ गाडी खोलून बसायचा.

“ए अनीश!” ती ओरडली.

त्यानं वळून पाहिलं. काय गोड हसला! ...आणि सिग्नल सुटला. गेला की निघून, तिचं नाव घेऊन, भर बाजारातनं!

ती काम करायची त्या मेडिकलमध्ये पोचली, तर तिथली भार्गवी गल्ल्यामागं तोंड दाबून हसत होती. “रुद्रा, तुझं नाव गाडीवर फिरतंय की गं! कालपासनं बघतोय आम्ही.”

“कालपासनं?” रुद्राणीनं कपाळावर हात मारला.

लाज वाटली असती तर बरं होतं. तिला वाटला तो संताप, आणि त्याच्या खाली गुदगुली, आणि त्या गुदगुलीचा पुन्हा संताप. कारण गेलं वर्षभर हेच चाललं होतं. दर रविवारी ती चहाचा कप घेऊन जिन्यावर बसायची, तो अंगणात गाडीपुढं उकिडवा. “जरा तो पाना दे की...” म्हणायचा, आणि पाना घेताना बोटं लागली की पाना हातातनं निसटायचा. दर वेळी! एवढं कळत होतं तिला. पण हा बाबा तोंडानं बोलेल तर शपथ. आणि आता रविवारी अक्कलकोटचे पाहुणे तिला बघायला यायचे होते.

संध्याकाळी ती थेट अंगणात गेली.

“माझा डबा.”

“अगं, बघ तरी काय केलंय!” अनीशचा चेहरा फुलला. “एअर फिल्टरचा मोठा खोका होता ना, तो काढूनच टाकला. उगाच इंजिनाचा गळा आवळत होता. आता हा शंकूसारखा फिल्टर थेट कार्बोरेटरला. मोकळा श्वास!”

“मी डब्याचं विचारतेय.”

“तेच सांगतोय की. इंजिन आतनं तेलकट वाफ सोडतं. तिची नळी आधी त्या खोक्यात जायची. खोकाच नाही म्हटल्यावर नळी लोंबकळायला लागली, सगळं तेल माझ्या पँटवर! म्हणून नळी ह्या डब्यात सोडली. आत तारेची घासणी कोंबलीय. तेल घासणीला चिकटतं, हवा वरच्या भोकातनं बाहेर.”

“भोक? तू माझ्या बारशाच्या डब्याला भोक पाडलंस?”

“तीन,” तो हळूच म्हणाला.

“अरे देवा! अव्वानं तुला शेंगाचटणी दिली होती त्यात. माणसं डबा घासून, त्यात काहीतरी घालून परत देतात. तू घासणीच आत कोंबलीस!”

“वाफ कोंडली तर सील फुटतात गं इंजिनाचे...”

“दुसरा डबा नव्हता तुझ्याकडं?”

“होता. पण ह्याचं झाकण घट्ट बसतं. आणि...”

“आणि?”

“आणि काही नाही.”

रुद्राणी खाली वाकली. पट्टीचे स्क्रू बघितले. “मग नाव आतल्या बाजूला फिरवून बसवायला काय झालं होतं?”

अनीशचे कान लाल झाले. तो फडक्यानं बोटं पुसत राहिला. आधीच पुसलेली बोटं!

“रविवारी पाहुणे येणारेत,” ती म्हणाली.

“म्हणजे... तुला बघायला?”

“नाही, तुझा फिल्टर बघायला!”

तो उभा राहिला. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं... आणि म्हणाला, “मी डबा आणून देतो.”

“डबा?” रुद्राणीचा आवाज चढला. “त्या इंजिनाला वाफ सोडायला वाट करून दिलीस, तुझ्या तोंडाला कधी करणार रे?”

फणकाऱ्यानं ती वर आली. भाकरीचं पीठ मळता मळता तिला रडूच फुटलं. तो तिला आवडत होता. तेलकट हातांसकट, त्या मेल्या घासणीसकट आवडत होता, आणि रविवार तोंडावर आला होता.

शनिवारी दुपारी तिची आई, अव्वा, पाहुण्यांसाठी चिवड्याची तयारी करत होती, तेव्हा जिन्यात पावलं वाजली. दारात अनीश. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला, हातात नवा कोरा डबा. मागच्या डब्याएवढाच.

“अव्वा, तुमचा डबा... मी खराब केला. म्हणून हा.”

“अय्यो, तम्मा, अरे बाळा, एवढ्याशा डब्यासाठी नवा कशाला?” अव्वानं झाकण काढलं. आत काठोकाठ साखर. “आणि साखर?”

“रिकामा कसा देऊ? मला स्वयंपाक येत नाही.”

अव्वा हसली. मग तिनं डबा उजेडाकडं फिरवला. ‘रुद्राणी’ एवढंच कोरलं होतं. पुढं मोकळी, गुळगुळीत जागा.

“हे अर्धंच का रे? मशीन बंद पडलं दुकानात?”

रुद्राणी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिनं चौकट घट्ट धरली. बोल, मेल्या. आता नाही बोललास तर तुझ्या गाडीच्या टाकीत ही साखर ओतते.

“दुकानदार म्हणाला, पुढं काय घालू?” अनीशनं घसा खाकरला. “मी म्हटलं... विचारून सांगतो.” त्यानं अव्वाकडं बघितलं, मग तिच्या मागं. “अव्वा, मला रुद्राणी आवडते. लई दिवसांपासनं. तिला चालत असेल, तुम्हाला आणि आप्पांना चालत असेल, तर पुढं माझं नाव घालायचंय. नसेल चालत तर जुन्या डब्यावर होतं तेच घालतो. पण पाहुणे यायच्या आधी विचारायचं होतं.”

अव्वा मागं वळली.

“आपल्यातला नाही हा,” अव्वा लेकीला म्हणाली.

“नाही,” रुद्राणी म्हणाली. “पण माझा आहे, अव्वा. पाहुण्यांना फोन कर.”

अव्वानं डब्याचं झाकण लावलं. लेकीचा चेहरा नीट निरखला. मग डबा घेऊन ती आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, बराच झाला. अनीश दारातच, घामानं शर्ट भिजलेला.

अव्वा बाहेर आली आणि तोच डबा तिनं त्याच्या हातात ठेवला. जड होता. झाकणाखालनं शेंगाचटणीचा वास येत होता.

“रिकामा डबा द्यायची पद्धत आमच्यात पण नाही,” ती म्हणाली. “आप्पांचं मी बघते. तुम्ही दोघं जावा, आणि नाव पुरं करून आणा.”

गाडी अर्थातच सात रस्त्याला बंद पडली. मागं रिक्षांचे हॉर्न, पुढं पोलिसाची शिट्टी, आणि मांडीवर चटणीचा डबा घेऊन बसलेली रुद्राणी. शेजारच्या स्कूटरवरचा माणूस इंजिनालगतच्या जुन्या डब्यावरचं नाव वाचून तिच्याकडं बघत होता.

“हवा जास्त जातेय,” अनीश किक मारत म्हणाला. “नवीन फिल्टर आहे ना, म्हणून कार्बोरेटरचा जेट...”

“जेटबद्दल एक शब्द काढलास तर इथंच उतरून चालत जाईन.”

त्यानं गाडी न्यूट्रलला टाकली. ती उतरली, आणि गाडी ढकलायला लागली.

भांड्यांच्या दुकानात कारागिरानं डबा मांडीवर घेतला, मशीन चालू केलं. “बोला. रुद्राणी, पुढं?”

अनीशनं तोंड उघडलं. मिटलं. तिच्याकडं बघितलं.

“अनीश घाला,” रुद्राणी मोठ्यानं म्हणाली. “अन् खोल कोरा हो, काका. ह्याला बोलायला वर्ष लागलंय.”