पियानोतलं पाणी

नागपूरच्या उन्हाळ्यात माणसाइतकीच पियानोलाही ओल लागते. नाहीतर लाकूड तडकतं, सूर उतरतात. म्हणून सदर भागातल्या मधुकररावांच्या क्लासात पियानोची खालची फळी काढून आत पाण्यानं भरलेला पितळी गडवा ठेवत. भरायचं काम अर्थातच शामलाचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. युक्ती मात्र त्यांच्या गुरूंची, नत्थूजी मास्तरांची. क्लासात शिकवला जाणारा जॅझसुद्धा त्यांचाच. शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस क्लबातल्या नाचाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा आणि महाल या जुन्या वस्तीतल्या दोन खोल्यांत, तोंडात पान धरून, शिकवायचा. शिष्यांत मधुकर त्यांचा विशेष लाडका.

याच मधुकरानं मास्तरांनी बांधलेली चाल मुंबईला नेली आणि स्वतःच्या नावानं तबकडी काढली. नाव झालं, क्लास जोरात चालू लागला. शिकवताना गुरुभक्तीवर व्याख्यान द्यायलाही ते विसरत नसत, हे विशेष.

चौऱ्याहत्तरच्या नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, रस्त्यावर कुत्रंही दिसत नसताना, मास्तर महालातून चालत आले. कडी वाजली.

"मधुकर, चाल कोणाची हाय ते एकदा सांग लोकायले. बस."

थोड्या वेळानं, "बरं, पाणी तरी दे गा."

वाळ्याच्या ताटीआड मधुकरराव श्वास रोखून बसले होते. शामला पेला भरून उठली, माहेरहून आलेला, तिचं नाव कोरलेला. त्यांनी तिचा हात घट्ट धरला. उन्हातून आलेल्या वैऱ्यालाही जिथे आधी पाणी विचारतात, त्या गावात! मास्तर परत फिरले आणि वाटेतच ऊन लागून गेले. शामलानं तो पेला स्वयंपाकघरातल्या फळीवर मागे उलटा घालून ठेवला. पुन्हा त्याला हात लावला नाही.

तेरवी झाली आणि मधुकरराव मास्तरांचा पियानो 'आठवण म्हणून' मागायला गेले. शामलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरांच्या बायकोनं, देवकीबाईंनी, नाही म्हटलं नाही.

"न्या. पण चाल त्यायच्या नावानं वाजवा, भाऊ. नाही तं त्यायची तहान तुमच्या घरी येईन."

पियानो आला. सकाळी त्यात भरून ठेवलेला गडवा दुपारी कोरडा.

"काठोकाठ भरला होता जी मी," शामला म्हणाली.

"आटलं असेल," मधुकरराव म्हणाले.

मग पावसाळा आला. भिंतींना ओल धरली, तरी गडवा कोरडाच. एकदा तिनं तो उजेडात धरला. काठावर ओठांचा लाल ठसा होता, पानाचा. घरात पान कोणीच खात नव्हतं. चिंचेनं घासून काढला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच.

मधुकररावांनी गडवा माळ्यावर टाकला. त्यानंतर त्यांच्या ताटाशेजारचा तांब्या भरला तरी रिकामाच सापडू लागला.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी त्यांचा सत्कार ठरला. मास्तरांचाच पियानो सभागृहात नेला.

"आज तरी सांगून टाका जी," शामला निघताना म्हणाली. "काहून अंत पाहून राहिले?"

ते हसले. पहिल्या रांगेत देवकीबाई बसल्या होत्या. त्यांच्याकडे न पाहता ते माइकवर म्हणाले, "ही माझी रचना."

चाल सुरू झाली. मध्येच हात थांबले.

"पाणी."

कोणीतरी पेला दिला. ओठांशी गेला तेव्हा रिकामा होता.

दुसरा दिला. तोही रिकामा.

शामला धावली. त्यांचं कपाळ तव्यासारखं तापलेलं. जीभ टाळूला चिकटलेली. देवकीबाई जागच्या हलल्या नाहीत. आणि शामलाला, देवाशपथ, वाईट वाटलं नाही.

डॉक्टरांनी नाडी सोडली. "ऊन लागलं," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या अंगातल्या स्वेटरकडे गेलं.

सभागृह रिकामं झाल्यावर शामलानं पियानोची खालची फळी काढली.

माळ्यावर टाकलेला गडवा आत होता, काठोकाठ भरलेला. त्याच्याशेजारी तिचं नाव कोरलेला तो पेला, रिकामा. त्याच्या काठावर लाल ठसा होता, अजून ओला.